केंद्राचे किल्ले राज्याकडे द्या म्हणतात, पण द्यायचं म्हणजे नेमकं काय?

गडमोजणी

महाराष्ट्रातले ५४ केंद्र संरक्षित किल्ले राज्याकडे सोपवावेत, अशी मागणी राज्याच्या सांस्कृतिक कार्यमंत्र्यांनी २०२५ मध्ये केंद्राला पत्र लिहून केली. तेव्हापासून गावागावांतल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर दोनच सूर ऐकू येतात. एक म्हणतो, आपले गड आपल्याकडे, दिल्लीला काय विचारायचं. दुसरा म्हणतो, राज्याकडे गेले की ठेकेदारांचं फावलं. मुळात जमिनीची मालकी, संरक्षणाचा दर्जा, रोजची देखभाल आणि खर्च या चारही गोष्टी वेगवेगळ्या कागदांवर असतात. त्यातलं काय द्यायचंय ते कुणीच बोलत नाही.

आधी कायदा. घटनेच्या सातव्या अनुसूचीत संघ सूचीची ६७ वी नोंद म्हणजे संसदेच्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाची ठरवलेली स्मारकं. ती सोडून उरलेली स्मारकं राज्य सूचीत, १२ व्या नोंदीखाली. त्यामुळे किल्ला राष्ट्रीय महत्त्वाचा आहे तोवर तो केंद्राचा विषय. १९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्यात 'राज्याकडे हस्तांतर' असं कलम नाही. दर्जा काढायला कलम ३५ आहे: स्मारक राष्ट्रीय महत्त्वाचं राहिलेलं नाही असं केंद्राचं मत झालं, तर तसं राजपत्रात जाहीर करायचं. २०२४ मध्ये या वाटेने १८ स्मारकं यादीतून काढायला घेतली. त्यात फरिदाबादजवळच्या मुजेसरचा कोस मिनार, दिल्लीची बाराखंबा दफनभूमी अशी नावं होती, म्हणजे जागेवर शोधूनही न सापडणारी किंवा वस्तीने गिळलेली.

हेच कलम रायगडाला लावायचं, तर रायगड आता राष्ट्रीय महत्त्वाचा राहिला नाही असं केंद्राला छापावं लागेल. आणि ११ जुलै २०२५ ला रायगडासह १२ किल्ले जागतिक वारसा यादीत गेलेत. त्यातले आठ केंद्र संरक्षित आहेत: शिवनेरी, लोहगड, रायगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि तमिळनाडूतला जिंजी. साल्हेर, राजगड, खांदेरी, प्रतापगड हे चार राज्याचे. असल्या अधिसूचनेवर सही करायला कोण धजावेल ते सांगा.

सह्यवारा

मग मागणी हवेतलीच म्हणायची का? रायगडावर तर राज्याचं रायगड विकास प्राधिकरण काम करतंच आहे.

गडमोजणी

हवेतली नाही, शब्द चुकलाय. त्याच १९५८ च्या कायद्यात केंद्राने आपले काही अधिकार अधिसूचना काढून राज्य सरकारला किंवा त्याच्या अधिकाऱ्याला वापरायला देण्याची सोय आहे. दर्जा राष्ट्रीय राहतो, हद्दीभोवतीची १०० आणि २०० मीटरची बांधकामबंधनं राहतात, फक्त ठरलेल्या कामांसाठी फाईल दिल्लीला जात नाही. कुठली कामं, किती मुदतीसाठी, कुणाच्या देखरेखीखाली हे सगळं अटींत लिहिता येतं. मागायचं तर हे मागावं.

रायगडाचं उदाहरण अर्धंच लागू पडतं. प्राधिकरणाचा आराखडा ६०६ कोटींचा, पण गडावर दगड हलवायचा तर परवानगी आणि देखरेख केंद्राच्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचीच. पाचाड, रस्ते, पायथ्याच्या सोयी ही कामं त्या मानाने सुटसुटीत. पैसा एकाकडे आणि सही दुसऱ्याकडे असली की कुरकुर होणारच, आणि ती जाहीरपणे झालेलीही आहे. तरी दर्जाला हात न लावता राज्याचा पैसा गडावर पोहोचू शकतो, इतकं त्यातून दिसतं.

फेरफार

दर्जावर भांडताना सातबारा कुणी उघडत नाही, आणि गावातली निम्मी भांडणं तिथेच मुरलेली असतात.

पहिला गैरसमज: संरक्षित स्मारक म्हणजे सरकारी मालकी. तसं नाही. संरक्षणाच्या अधिसूचनेने मालक बदलत नाही, मालकाच्या वापरावर बंधनं येतात. एकाच किल्ल्याचा माथा वन खात्याकडे, उतार महसूलकडे, पायथ्याचं गायरान ग्रामपंचायतीकडे, मंदिराची जमीन देवस्थान इनाम आणि मधले दोन-चार गट खासगी, हे नेहमीचं चित्र. यातलं काहीही 'केंद्राकडून राज्याकडे' जात नाही, कारण ते केंद्राचं नव्हतंच. माथा राखीव वनात असेल तर पाण्याची पाइपलाइन टाकायलासुद्धा १९८० च्या वन संवर्धन कायद्याखाली मंजुरी लागते. पुरातत्त्व खातं कुणाचंही असो.

दुसरी मेख हद्दीची. बऱ्याच किल्ल्यांच्या अधिसूचना इंग्रजी अमदानीतल्या, १९०४ च्या कायद्याखालच्या. अनुसूचीत 'किल्ला', पुढे गाव आणि तालुका, की झालं. सर्व्हे नंबर नाही, क्षेत्र नाही, चतु:सीमा नाही. आता १०० मीटर मोजायचे कुठून? कायदा म्हणतो, संरक्षित स्मारकाच्या किंवा संरक्षित क्षेत्राच्या हद्दीपासून. लोक तटापासून मोजतात. अख्खा गट संरक्षित दाखवलेला असेल तर टेप गटाच्या बांधावर लावावी लागते, आणि तटापासून ३०० मीटरवरचं घरही प्रतिबंधित क्षेत्रात जातं.

म्हणून कुठल्याही बाजूने बोलण्याआधी हे कागद काढा: मूळ अधिसूचना अनुसूचीसह, लागून असलेल्या सगळ्या गटांचे सातबारा, आकारबंद (गटवार क्षेत्र आणि आकारणीचा तक्ता), गाव नकाशा, टिपण आणि गुणाकार बुकाच्या (जुन्या मोजणीच्या मापांच्या) नकला. सातबाऱ्याच्या इतर हक्कांत 'संरक्षित स्मारक' अशी नोंद आहे का आणि असल्यास कुठल्या फेरफाराने आली ते पाहा. नोंद नसेल तर ती घ्यायला लावणं दोन्ही बाजूंच्या फायद्याचं आहे. ती नसल्यामुळेच लोक भाबडेपणाने प्लॉट घेतात आणि मग कामबंदची नोटीस आली की कपाळाला हात लावतात. त्यानंतर भूमी अभिलेखकडून संयुक्त मोजणी. वन, महसूल, पुरातत्त्व आणि ग्रामपंचायत अशा चौघांच्या सह्या एकाच नकाशावर हव्यात. तीन सह्यांचा नकाशा चौथ्याला मान्य नसतो, असा अनुभव जिल्ह्याजिल्ह्यात आहे.

मुळात आकडाच बघा. किल्ल्यांवरची अतिक्रमणं काढण्याच्या जानेवारी २०२५ च्या शासन निर्णयाच्या वेळी केंद्र संरक्षित किल्ले ४७ सांगितले गेले, मागणीच्या पत्रात ५४. राज्य संरक्षित ६२. आधी यादी एक करा, मग ताबा मागा.

पागोळी

पन्हाळ्यासारख्या ठिकाणी तटाच्या आतच गाव आहे, नगरपरिषद आहे. जागतिक वारसा नामांकनाला तिथल्या लोकांनी विरोध केला तो उगाच नव्हता. तिथला खरा प्रश्न मालकीचा नाही. पावसाळ्याआधी कौलं फिरवायची, वासा बदलायचा, तर विचारायचं कुणाला? राज्याकडे गेल्यावर हे सुटेल का, एवढंच लोकांना कळायला हवंय.

फेरफार

कौलांपुरतं बोलायचं तर आजही वाट आहे, फक्त ती नीट कुणी सांगत नाही.

१९५८ च्या कायद्यातल्या २०१० च्या दुरुस्तीनंतर हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढचे २०० मीटर विनियमित, म्हणजे परवानगी घेऊनच बांधायचं. प्रतिबंधित पट्ट्यात नवीन बांधकाम नाही. पण १६ जून १९९२ पूर्वीचं घर, किंवा त्यानंतर रीतसर परवानगीने बांधलेलं घर, दुरुस्त करायला अर्ज करता येतो. अर्ज सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे या कामासाठी केंद्राने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, जातो. त्याने तो १५ दिवसांत राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे पाठवायचा, प्राधिकरणाने दोन महिन्यांत शिफारस द्यायची, मग महिनाभरात निर्णय. कागदावर साडेतीन महिने. म्हणजे मे महिन्यात कौलं चढवायची तर अर्ज उशिरात उशिरा जानेवारीच्या मध्यापर्यंत पडायला हवा. लोक मार्चमध्ये जागे होतात.

अर्ज अडतो तो बहुतेकदा दोन कारणांनी. एक, घर १९९२ पूर्वीचं असल्याचा पुरावा नसतो. जुना घरपट्टी उतारा, नगरपरिषदेची करआकारणी नोंद किंवा वीजजोडणीची तारीख यातलं काहीतरी जोडाच. दोन, 'नूतनीकरण' असं लिहून नकाशात हळूच एक मजला चढवलेला असतो. तो नवीन बांधकामात मोडतो आणि त्याच्यापायी साधी दुरुस्तीही लटकते. जोत्याचं माप आणि उंची आहे तीच ठेवा, चारही बाजूंचे फोटो जोडा. गटार साफ करणं, नळ आणि विजेची देखभाल ही कायद्याच्या व्याख्येप्रमाणे 'बांधकाम' नाही. हे नगरपरिषदेच्या अभियंत्यालाही कधीकधी सांगावं लागतं.

आता राज्याकडे गेल्यावर. हा १००-२०० मीटरचा नियम संसदेच्या कायद्यातला आहे, राज्य संरक्षित स्मारकाला तो आपोआप लागत नाही. त्यामुळे दर्जा काढला तर रहिवाशांना मोकळं वाटेल, हे खरंच आहे. लपवायचं कशाला? पण तोच मोकळेपणा रिसॉर्टवाल्यालाही मिळतो. शिवाय मध्ये एक फट पडते. राज्याचा १९६० चा कायदा राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांना लागूच नाही. म्हणजे आधी केंद्राने दर्जा काढायचा, मग राज्याने प्राथमिक अधिसूचना काढायची, दोन महिने हरकती घ्यायच्या, त्या ऐकायच्या आणि नंतर अंतिम अधिसूचना. तोवर किल्ला धड इकडे ना तिकडे.

सह्यवारा

ही फट आजवर एकाही चर्चेत ऐकली नव्हती.

चुनाघाणी

ताबा कुणाचाही असो, भिंत कोण आणि कशाने बांधणार हे विचारल्याशिवाय हा धागा पुरा होत नाही. सिमेंटचे डाग दोन्ही खात्यांच्या कामांवर दाखवता येतात, म्हणून कुणाची बाजू घेत नाही.

सिमेंट का नको? जुन्या तटात दगड कडक आणि सांधा मऊ असतो. पाणी आत शिरतं, सांध्यातूनच बाहेर पडतं, हालचालही सांधाच पेलतो. सांधा सिमेंटने बुजवला की पाणी आत कोंडतं आणि दगडाची कड फुटायला लागते. काळ्या पाषाणात हे दिसायला वर्षं लागतात. कोकणात जांभ्याला ते फार लवकर भोवतं, कारण जांभा स्वतःच पाणी पितो, आणि समुद्राकाठी त्या पाण्यात मीठ असतं. मीठ दगडातच साकळतं आणि पृष्ठभाग भुसा होऊन गळतो.

आता कामाची रीत. कळीचा चुना हौदात विरवायचा, चाळायचा आणि पाण्याखाली मुरू द्यायचा. चार दिवसांत उपसलेल्या चुन्यात न विरलेले खडे राहतात. ते नंतर भिंतीत फुगून गिलाव्यावर फोड आणतात. मग वाळू आणि सुरखी (विटेची भुकटी) घालून चुन्याच्या घाणीत, म्हणजे दगडी चाकाखाली, दळायचं. चुना, वाळू, सुरखी एकास एकास एक हे एक चालू प्रमाण आहे, पण जुन्या मसाल्याचा नमुना तपासून ते ठरवावं. गूळ, हिरडा, बेलफळ यांचं पाणी घालतात ते मसाल्याला चिकटपणा यावा आणि तो पाण्याला टिकावा म्हणून. 'शिवकालीन मसाला' असा फलक लावायला नव्हे, आणि गूळ जास्त झाला तर सांधा लवकर पकडत नाही.

सांधा रुंदीच्या निदान दुप्पट खोल खरवडायचा, तोही हाताने. ग्राइंडर लावला की दगडाची कड गेली. धूळ धुऊन काढायची, दगड ओला करायचा, मसाला दाबून भरायचा आणि ओलं गोणपाट लावून पंधरा-वीस दिवस दमट ठेवायचं. चुना हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने हळूहळू घट्ट होतो, उन्हात भर्रकन वाळला तर भुकटी होते. सह्याद्रीत हे काम दिवाळीनंतर सुरू होऊन एप्रिलअखेर संपायला हवं.

आणि नेमकं इथेच घोडं पेंड खातं. कार्यादेश निघतो फेब्रुवारीत, निधी ३१ मार्चला परत जायची भीती. चुना मुरवायला वेळ कुठे? मग घाणीत घमेलंभर सिमेंट पडतं, सांधा दोन दिवसांत टणक होतो, मोजमाप पुस्तिकेत नोंद होते आणि बिल निघतं. निविदेत 'चुन्याचे काम' लिहिलेलं असतं, पण चुना किती दिवस मुरवायचा आणि नमुना कुणी तपासायचा याचा पत्ता नसतो. त्या दोन ओळी निविदेत घालून घ्या, बाकी भाषणं नंतर.

जागेवर ओळखायचं कसं? नव्या सांध्यावर खिळा ओढा. चुन्यावर पांढुरकी रेघ उमटते आणि थोडी भुकटी पडते, सिमेंटवर खिळा सरकतो आणि रंग करडा असतो. सुरखीने चुना तांबूस दिसतो, पण रंगावर एकट्या विसंबू नका, सिमेंटमध्येही वीटभुकटी घालतात. आम्ल टाकून बुडबुडे बघण्याची युक्ती सांगतात ती फसवी आहे. बुडबुडे दोन्हींत येऊ शकतात.

पागोळी

तटाला पोट आलंय अशी तक्रार बऱ्याच गडांवर आहे. तिथे आधी काय करायचं?

चुनाघाणी

भिंतीला हात लावायच्या आधी वर जा. तटाच्या आतल्या बाजूला मातीचा भराव असतो आणि फांजीवरचं (तटावरच्या चालायच्या वाटेवरचं) पाणी बाहेर काढायला दगडी पन्हाळ्या असतात. त्या बुजल्या की पाणी भरावात मुरतं, भराव फुगतो आणि भिंतीला पोट येतं. पन्हाळ्या मोकळ्या करा, फांजीचा उतार दुरुस्त करा आणि एक पावसाळा जाऊ द्या. तड्यांवर काचेच्या पट्ट्या चिकटवून तारीख लिहा. पट्टी फुटली तर भिंत अजून सरकतेय, शाबूत असेल तर थांबलीय.

पोट मोठं असेल तर तेवढा भाग उतरवून पुन्हा रचावा लागतो. प्रत्येक दगडाला क्रमांक, आडव्या थराचं रेखाटन, फोटो आणि दगड त्याच क्रमाने खाली मांडायला जागा. ही जागा अंदाजपत्रकात नसते. मग दगडांचा ढीग होतो, क्रमांक पुसतात आणि पुढचे दोन पावसाळे भिंत उघडी पडते. दाबाने सिमेंटचं पातळ मिश्रण आत सोडण्याचा सोपा उपाय कुणी सुचवला तर नाही म्हणा. पोट आलेल्या भिंतीचा दर्शनी थर त्या दाबाने सुटून खाली येऊ शकतो.

पिंपळ, वड, उंबर उपटू नका. मूळ खेचलं की चार दगड बरोबर येतात. बुंधा भिंतीलगत कापायचा, मूळ औषधाने मारायचं आणि पोकळी चुन्याने भरायची. नुसतं कापून सोडलेलं झाड पुढच्या श्रावणात दुपटीने फुटतं.

सह्यवारा

तिकिटाचे पैसे तरी गडाला मिळतात का?

गडमोजणी

केंद्र संरक्षित किल्ल्याच्या तिकिटाचा पैसा भारताच्या संचित निधीत जातो, त्या गडाच्या खात्यात नाही. एखाद्याच गडासाठी देणगी द्यायची तर १९९६ साली सुरू झालेला राष्ट्रीय संस्कृती निधी आहे, त्यात विशिष्ट स्मारकाच्या नावाने करार करता येतो. राज्याच्या बाजूला जिल्हा वार्षिक योजनेतून तीन टक्क्यांपर्यंत निधी गडकिल्ले, मंदिरं आणि संरक्षित स्मारकांसाठी ठेवता येतो. यात रस्ते आणि सुशोभीकरण आधी घुसतं, म्हणून जिल्हा नियोजन समितीत कामांची नावं वाचूनच गप्प बसा किंवा बोला.

कोनाडा

मी राज्याकडे देण्याच्या विरोधात. सप्टेंबर २०१९ आठवा, २५ किल्ले पर्यटनासाठी भाड्याने देण्याच्या बातमीवरून केवढा गदारोळ झाला. शिवरायांशी संबंधित किल्ले त्यात नाहीत, असा खुलासा सरकारला करावा लागला. उरलेले किल्ले काय वाऱ्यावर सोडायचे?

गडमोजणी

भीती रास्त, पण खासगी हात फक्त राज्यातच लागतो असं नाही. केंद्राची दत्तक योजना २०१७ पासून आहे आणि २०१८ मध्ये लाल किल्ल्याचा करार झाला होता. राज्याची संगोपन योजना २००७ ची. अतिक्रमणाचं म्हणाल तर विशाळगड राज्य संरक्षितच आहे, आणि तिथला वाद २०२४ मध्ये कुठवर गेला ते सर्वांनी पाहिलं. ताबा कुणाचा यापेक्षा करारात काय आहे ते वाचा: मूळ वास्तूला खिळा ठोकायची मुभा आहे का, गावकऱ्यांची वहिवाट, जत्रा आणि पाण्याचा हक्क लिहिलाय का, मुदत संपल्यावर उभारलेलं काय काढून न्यायचं.

टाकेकर

दुर्गसंवर्धन संस्थांनी एक ध्यानात ठेवावं. टाक्यातला गाळ काढायलाही लेखी परवानगी लागते, आणि ज्या खात्याचं स्मारक त्याचीच. गाळ थेट दरीत टाकू नका. थराथराने काढा, चाळणीतून घाला, खापरं, नाणी, तोफगोळे वेगळे ठेवून जागा आणि खोली लिहा. नाणी सापडली तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्याला कळवणं बंधनकारक आहे, आणि त्यातली किमतीची मर्यादा दहा रुपये आहे. फेसबुकवर फोटो टाकणं म्हणजे कळवणं नव्हे.

सह्यवारा

आमच्याकडे ग्रामसभेत ठराव घ्यायचं चाललंय. 'पाठिंबा' लिहायचं की 'विरोध'?

फेरफार

दोन्ही नको. दोन्ही ठराव फाईलला लागून पडतात. असं लिहा: 'गट क्रमांक अमुक ते अमुक यांची संरक्षित हद्द संयुक्त मोजणीने निश्चित करून सातबाऱ्यावर नोंद घ्यावी. हद्द निश्चित होईपर्यंत संरक्षणाच्या दर्जात बदल करू नये. दुरुस्ती परवानगीचे अर्ज स्वीकारण्याची सोय तालुक्याच्या ठिकाणी करावी.' खाली गावची वहिवाट, पाणवठा, जत्रेचे दिवस आणि वाट कुठल्या गटातून जाते ते नकाशावर दाखवून जोडा. प्रती जिल्हाधिकारी, पुरातत्त्व सर्वेक्षणाचं मंडळ कार्यालय, राज्य पुरातत्त्व संचालनालयाचा विभाग आणि वन विभाग यांना, स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह.

राज्याची प्राथमिक अधिसूचना आलीच तर हरकतींचे दोन महिने राजपत्राच्या तारखेपासून मोजले जातात, गावच्या फलकावर ती चिकटवल्याच्या दिवसापासून नाही. ग्रामसेवकाला सांगून ठेवा.